उजव्या कानातलं पाणी

रस्त्यात ओळखीचं कोणी हसलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी त्याच्या बरगड्या येतात, मग नाव. कधी नाव येतच नाही. तलावपाळीवर एक गृहस्थ संध्याकाळी फेऱ्या मारताना दिसतात. मी मनात म्हणते, हृदय जरा आडवं, डावीकडे जुनी भरलेली जखम. त्यांना मी अजिबात आठवत नाही. आठवणार तरी कशी? आमची भेट झाली तेव्हा ते आयसीयूत होते, अर्धवट झोपेत. मी पाठीखाली थंडगार प्लेट सरकवली तेव्हा त्यांनी एकदा डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा जिथून आले होते तिकडे निघून गेले. ठाण्यात अशी बरीच माणसं हिंडत असतील, ज्यांच्या स्वप्नात कधीतरी शिशाचा एप्रन घातलेली एक बाई आली आणि "श्वास घ्या, धरून ठेवा" एवढंच बोलून गेली. ती बाई मी.

लोक मला फोटोवाली म्हणतात. कागदोपत्री मी एक्स-रे टेक्निशियन. ठाण्यात एका खाजगी इस्पितळात मी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस लागले, तेव्हा मी पंचवीसचीही नव्हते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. ते कळण्याचं कारण माझे बाबा. मोहन्याच्या कारखान्यात ते सूत काढणाऱ्या खात्यात होते, आणि युनियनची पत्रकं घरी बसून लिहायचे. बाराखडीनंतर मी जे पहिलं वाचलं ते पत्रक. शाईने काळे झालेले गठ्ठे मोजून, घडी घालून गेटवर वाटायचं काम माझं आणि आईचं. आमच्या घरात भाताइतकी उद्गारचिन्हं लागायची. 'कामगार बंधूंनो!' वाचत मोठी झालेली मुलगी इस्पितळात नोकरीला लागली की काय होणार? पहिल्या सहा महिन्यांत मी दोन पत्रकं लिहिली. एक होतं कर्मचाऱ्यांना किरणांपासून पुरेसं संरक्षण मिळत नाही म्हणून. पेशंटला धरून ठेवणाऱ्या आया आणि वॉर्डबॉय यांचे हात रोज फुकट किरणांत जातात, हे मी ठणकावून लिहिलं होतं, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. दुसरं, फिल्म वाचणं हे डॉक्टरांचं काम असताना ते टेक्निशियनच्या गळ्यात का, अशा मथळ्याचं.

बाबांनी दुसरं वाचून विचारलं, "हे नक्की कोणाविरुद्ध आहे?"

"व्यवस्थापनाविरुद्ध."

"मग तू फिल्म वाचणं बंद केलंस?"

मी विषय बदलला. बंद केलं नव्हतं. फिल्म वाचायला मला फार आवडायचं.

आता हे वाचणं म्हणजे काय, ते सांगते. आयसीयूत ज्याचं ब्लडप्रेशर पार खाली गेलेलं असतं, त्याच्या हाताच्या शिरा चपट्या होतात. सुई जात नाही, आणि गेली तरी काही औषधं इतकी जहाल असतात की छोटी शीर जाळून टाकतात. म्हणून डॉक्टर खांद्याजवळच्या आडव्या हाडाखालून, म्हणजे कॉलर बोनखालून, एक लांब बारीक नळी मोठ्या शिरेत घालतात. तिचं टोक हृदयाच्या जरासं वर, रुंद शिरेत तरंगत राहायला हवं. त्या नळीतून औषध जातं आणि तिलाच पाण्याची उभी पट्टी जोडून शरीरात पाणी पुरेसं आहे की नाही हेही मोजतात. तिला आम्ही सेंट्रल लाइन म्हणतो. अडचण इतकीच की नळी आत जाताना कोणाला काही दिसत नाही. डॉक्टर बोटांच्या अंदाजाने घालतात. नळी कधी खूप खोल, थेट हृदयात जाते. कधी पलीकडच्या खांद्याकडे वळते, कधी खाली जायच्या ऐवजी वर मानेत शिरते. कधी सुई फुप्फुसाला लागून हवा गळते. म्हणून नियम असा की नळी घातली की छातीचा फोटो, फोटो बरोबर असेल तरच औषध. नळी फोटोत दिसते ती एका पांढऱ्या केसासारखी. तो केस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, एवढंच बघायचं. त्यावर माणूस अवलंबून.

आमचं इस्पितळ दोन इमारतींत होतं. मध्ये गल्ली. आयसीयू नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, आणि डार्करूम जुन्या इमारतीत जिन्याखाली. नळीचा फोटो काढायचा तर चाकांचं पोर्टेबल मशीन पेशंटच्या खाटेशी न्यायचं, प्लेट घेऊन गल्ली ओलांडायची, डार्करूममध्ये फिल्म धुवायची आणि पुन्हा गल्ली ओलांडून वर न्यायची.

डार्करूमचा मालक म्हणजे गजानन मामा. मूळचे मालवणकडचे, तीस वर्षं लाल दिव्याखाली काढलेले. बाहेर आले की उन्हात डोळे मिचकावत उभे राहायचे. मला वाटतं त्यांच्यासाठी खरं जग आतलंच होतं. आणि आत गेलं की मलाही तसंच वाटायचं. दार लागलं की गल्लीतला आवाज एकदम दूर जायचा. लाल उजेडात फिल्म डेव्हलपरच्या टाकीत सोडायची आणि वाट बघायची. पहिल्यांदा काहीच नसतं, दुधासारखा कोरा चौकोन. मग कडेने संध्याकाळ होऊ लागते. फुप्फुसं हळूहळू काळी पडतात, आणि त्या अंधारात बरगड्या तेवढ्या उजेड धरून राहतात. मामा दरवेळी, अगदी दरवेळी, तेच बोलायचे.

"बघ गो, माणूस वर येता."

तीस वर्षांनीही त्यांना त्याचं नवल वाटायचं. मी त्या अंधारात अनेक दुपारी अशा घालवल्या आहेत की बाहेर आल्यावर कुठला वार आहे ते आठवावं लागे.

धुऊन झालेली फिल्म वाळायला वेळ लागतो. आयसीयूतल्या माणसाला तितका वेळ नसतो. म्हणून ओली फिल्म हँगरसकट हातात धरून मी गल्लीत यायची. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. आयसीयूतल्या फिल्म बघायच्या पेटीतला दिवा महिनोन्महिने गेलेला, म्हणून गल्लीच्या मधोमध उभी राहून मी फिल्म आभाळाकडे धरायची. कोणाच्यातरी छातीतून आरपार आभाळ दिसायचं. बरगड्यांमधून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे. वर खिडकीत लिली सिस्टर वाट बघत उभी असायची. ती केरळची, पण ठाण्यात पंधरा वर्षं काढलेली. मी मान वर करून ओरडायची, "बसलीये! चालू करा!" आणि ती खिडकीतून आत वळायची. जिना चढण्याची दोन मिनिटं वाचायची.

हे कोणी ठरवलं होतं? कोणी नाही. डॉक्टर कर्णिक नळी घालायचे आणि "फोटो बघून चालू करा" असं सांगून कल्याण-डोंबिवलीकडच्या इस्पितळांत जायचे. फोटो कोणी बघायचा, हे त्या वाक्यात नव्हतं. त्या रिकाम्या जागेत मी जाऊन उभी राहिले. कोपऱ्यावरचा नारळवालाही फिल्मखाली वाकून बघायचा आणि विचारायचा, "ताई, बसली का?" सगळ्या गल्लीला माझा शब्द ऐकू जायचा. खोटं कशाला बोलू, त्या शब्दाची मला चटक लागली होती.

काशिनाथ कोलशेतचा. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, खाडीत मासेमारी करणारा. चिखलात पाय ठेवताना गंजलेला पत्रा तळव्यात घुसला. त्याने हळद भरून फडकं बांधलं आणि चार दिवस कामावर गेला. पाचव्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला, ताप चढला, आणि रक्तात विष पसरून ब्लडप्रेशर खाली आलं. आमच्याकडे आणला तेव्हा तो हाक मारली की "ओ" द्यायचा आणि पुन्हा बुडायचा. त्याच्यासोबत त्याची आई, हिराबाय. बाजारात मासळी विकणारी, पन्नाशीची, उंच, अंबाड्यात अबोलीचा गजरा. आयसीयूत नातेवाइकांना बसू देत नसत. तिला बसू दिलं होतं. म्हणजे ती बसली होती, आणि उठवायची कोणाची हिंमत झाली नव्हती.

दुपारी बाराच्या सुमाराला डॉक्टर कर्णिकांनी उजवीकडून नळी घातली आणि ते डोंबिवलीला गेले. लघवीची पिशवी सकाळपासून जवळजवळ रिकामी होती. म्हणजे मूत्रपिंडं हात टेकत होती. नळीतून औषध आणि सलाइन लवकर सुरू व्हायला हवं होतं. मी मशीन घेऊन गेले, तर काशिनाथच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत, नेमका छातीवर.

"मावशी, हा काढा. धातू आहे, याच्याखालचं काही दिसणार नाही."

"त्यो नाय काढाचा."

"पाच मिनिटं फक्त."

"गाठ मारलेली हाय. गाठ सोडाची नाय, दोरा कापाचा नाय. पोर घरा येल तवा मीच सोडीन."

मी पत्रकांवर वाढलेली. अंधश्रद्धेवरची तर कितीतरी मी स्वतः वाटलेली. मी सुरू केलं. "मावशी, ताईताने ताप उतरला असता तर याला इथे आणावं लागलं असतं का?"

तिने माझ्या मशीनकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुजे फोटोनी उतरतंय काय?"

लिली सिस्टर तोंडावर रुमाल धरून हसली. ती हसली याचा मला राग आला आणि हिराबायच्या म्हणण्याला उत्तर नव्हतं याचा जास्त आला. शेवटी हिराबायनेच मार्ग काढला. तिने ताईत मुठीत घेतला, दोरा ताणून मूठ काशिनाथच्या उजव्या कानाखाली, मानेला टेकवून धरली. "काढ आता. फोटोन नाय यायचा."

एप्रन एकच होता, तो मी तिच्या अंगावर चढवला. पण हात उघडा. मशीनचा दिवा लावला तर, किरणं जिथे पडणार तो उजेडाचा चौकोन बरोबर तिच्या मुठीवर पडला. मी ठरवलं होतं की माझ्या हातून कोणा नातेवाइकाचा हात किरणांत जाणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. मी प्लेट चार बोटं खाली सरकवली आणि उजेडाची वरची कड मिटवत कॉलर बोनपर्यंत आणली. मूठ उजेडाच्या बाहेर राहिली. काशिनाथची मानही बाहेर राहिली. छातीवर हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या मशीनच्या वायरी होत्या. त्या मी नेहमी बाजूला करायची. त्या दिवशी केल्या नाहीत. मनात मी अजून हिराबायला उत्तर देत होते.

"श्वास घ्या, धरून ठेवा."

काशिनाथने कुठूनतरी लांबून श्वास घेतला.

डार्करूममध्ये मामा म्हणाले, "बघ गो, माणूस वर येता." डेव्हलपर जुना झालेला, फिल्म जरा फिकी आली. ती घेऊन गल्लीत आले. मध्यान्हीचं ऊन, आभाळ पांढरंफटक. फिल्म वर धरली. कॉलर बोनखालून निघालेला पांढरा केस मध्याकडे जाताना दिसला, मग मणक्यांच्या पांढरेपणात विरला. आणि जरा खाली मणक्याच्या उजव्या कडेने एक बारीक रेघ सरळ उतरत होती. अगदी हवी तिथे, हवी तितकी. मधला तुकडा मला दिसला नाही. तो मी मनाने भरला. वर खिडकीत लिली सिस्टर होती.

"बसलीये! चालू करा!"

"बसली का?" नारळवाल्याने विचारलं.

"बसली," मी म्हटलं, आणि जेवायला गेले.

त्यानंतरचे दोन तास मला फार सावकाश आठवतात, जसं पाण्याखालून कोणी हलताना दिसावं. साडेबाराच्या पुढे केव्हातरी मी दुसऱ्या पेशंटसाठी आयसीयूत गेले. काशिनाथच्या नळीतून औषध सुरू होतं. पाण्याची पट्टी उंच आकडा दाखवत होती, म्हणजे शरीरात पाणी भरपूर आहे. लिली सिस्टरने डोंबिवलीला फोन लावून आकडा सांगितला, आणि डॉक्टरांनी सलाइन कमी करायला सांगितलं. आकडा असा असेल तर कोणत्याही डॉक्टरने तेच सांगितलं असतं. पण पिशवी रिकामीच होती.

हिराबाय म्हणाली, "सिस्टर, त्यो बोलतंय, कानान पानी वाजतंय."

"ताप आहे ना, मावशी. तापात तसं बोलतो," लिली सिस्टर म्हणाली.

मी प्लेट सावरत म्हटलं, "भ्रम असतो तो. आता तुम्ही म्हणाल, खाडी बोलावते आहे त्याला."

ती माझ्याकडे बघत राहिली. खाडीचा विषय मी काढला होता, तिने नाही, हे मला तेव्हा कळलंच नाही.

दोनच्या पुढे डार्करूमचं दार वाजलं. मामांनी फिल्म झाकून दार उघडलं, तर उन्हात हिराबाय उभी. गल्ली ओलांडून, विचारत विचारत आलेली.

"बाय, हिकरं ये."

"काय झालं मावशी? वर सिस्टरना सांगा ना."

"सांगितला. तुना बी सांगितला. आता नीट आयक." तिने बोट स्वतःच्या उजव्या कानामागे ठेवलं. "ह्या कानान वाजतंय. त्या नाय. सिस्टर नलीन पिचकारी मारते तवा खलखल होतंय. ती थांबली का थांबतंय. मी चार येला बघितला. दोन येला त्याचे डोले बंद व्हते, तरी त्याला कलला."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"जनम खाडीव गेला माजा," ती म्हणाली. "पानी कंचे बाजूनी येतंय, तेवरा आमाला कलतं."

मामा माझ्याकडे बघत होते. लाल दिवा बंद करून पांढरा लावला तेव्हा ते म्हणाले, "फिल्म बघ गो एकदा."

फिल्म तारेवर वाळली होती. कोरडी फिल्म ओलीपेक्षा खरं बोलते. मी ती मामांच्या बल्बसमोर धरली. सरळ उतरणारी ती सुरेख रेघ खाली छातीवरच्या एका गोल बटणापाशी संपत होती. ती वायर होती. नळी मणक्यांच्या कडेला येऊन वर वळली होती आणि फिल्मच्या वरच्या काठाबाहेर निघून गेली होती. तिथे मान असायला हवी होती. मान मी कापली होती.

नळी तुंबू नये म्हणून सिस्टर अधूनमधून सिरिंजने तिच्यात पाणी मारते. चार वेळा पिचकारी, चार वेळा आवाज. डोळे मिटलेले असताना दोनदा. याहून चांगली तपासणी मला आजही सुचत नाही. विज्ञाननिष्ठ त्या खोलीत एकच बाई होती, आणि ती मी नव्हते.

गल्ली ओलांडताना मी काय विचार केला ते सांगायला हवं, नाहीतर हे लिहिण्याला अर्थ नाही. मी विचार केला की फोन करून डॉक्टरांना सांगावं, 'नळी सरकली असेल, पुन्हा फोटो काढते.' नळ्या सरकतात. कोणीही विश्वास ठेवला असता. गल्ली दहा पावलांची आहे. आठ पावलं मी हे वाक्य घोळवत गेले. जिन्याशी हिराबाय माझ्या पुढे झाली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली, पन्नाशीची बाई. मग ते वाक्य मला धरता आलं नाही.

"लिली, औषध थांबव. नळी मानेत आहे."

"तू सांगितला ना, बसली म्हणून?"

"सांगितलं. टोक मला दिसलंच नव्हतं. दिसल्यासारखं केलं."

तिने एक क्षण डोळे मिटले आणि औषध हाताच्या शिरेकडे वळवलं, तात्पुरतं. मी प्लेट वर सरकवली, वायरी काढल्या. "ताईत कुटं धरू?" हिराबायने विचारलं. मी दोरा ओढून डाव्या खांद्याच्या टोकावर नेऊन ठेवला. तिथे तो कोणाच्याच आड येत नव्हता. इतकं सोपं होतं.

या फिल्मवर गजानन मामा काही बोलले नाहीत. मान वर आली, जबड्याची कड वर आली, आणि तिच्याखाली पांढरा केस वेलासारखा कानाकडे चढत गेलेला.

डोंबिवलीला फोन लावला. डॉक्टर कर्णिकांना सगळं सांगितलं.

"पहिली फिल्म कोणी वाचली?"

"मी."

"तुला कोणी सांगितलं होतं वाचायला?"

"कोणी नाही. तुम्ही म्हणालात फोटो बघून चालू करा. बघायला कोणीच नव्हतं, म्हणून मी बघितला. आणि चुकीचा बघितला."

"येतो," ते म्हणाले. तासाभरात आले. नळी काढून नवी घातली, आणि तिसरी फिल्म बघायला स्वतः गल्ली ओलांडून डार्करूममध्ये आले. मी त्यांना त्या खोलीत पहिल्यांदा बघत होते. अंधारात ते चाचपडले, मामांनी त्यांचा हात धरून टाकीपाशी उभं केलं. लाल उजेडात आम्ही तिघं वाकून वाट बघत राहिलो. या खेपेला टोक तिथेच होतं, जिथे असायला हवं. नळी मानेत होती तोवरचा आकडा खोटा होता; पाण्याची पट्टी आता खालचा आकडा दाखवू लागली. काशिनाथ पार कोरडा पडला होता, आणि आम्ही दोन तास त्याचं पाणी तोडलं होतं.

सलाइन पूर्ण वेगाने सुरू केलं. मग काही करण्यासारखं उरलं नाही. माझी ड्यूटी संपली, मी घरी गेले नाही. खाटेच्या एका बाजूला हिराबाय, एका बाजूला मी, दोघींच्या मध्ये ती लघवीची पिशवी. खिडकीतून खाडीकडचा पिवळा उजेड आत येऊन भिंतीवर सरकत होता. माणसाचं शरीर पाणी ठेवतं कुठे, सोडतं कसं, याचा मी इतका विचार पूर्वी कधी केला नव्हता. मला डुलकी लागली असावी. मला दिसलं की मी खाडीच्या तळाशी उभी आहे आणि वर कोणीतरी होडीतून हळूच विचारतंय, बसली का, बसली का. जागी झाले तेव्हा दिवे लागले होते. लिली सिस्टर पिशवीपाशी वाकली होती. पिशवीच्या नळीत एक पिवळा थेंब अडकल्यासारखा थांबला, मग सुटला. त्याच्यामागे दुसरा.

"आली," लिली सिस्टर म्हणाली.

काशिनाथ बरा झाला. पायाची दोन बोटं मात्र काळी पडली, ती काढावी लागली. ते दोन तास वाया गेले नसते तर बोटं वाचली असती का, हे मी डॉक्टर कर्णिकांना विचारलं. ते म्हणाले, "कदाचित. कदाचित नाही." त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांना मानते. मी मॅनेजमेंटला लेखी दिलं, काय झालं ते, माझ्या नावासकट. मला मेमो मिळाला. त्याचबरोबर आयसीयूत एक जाड वही आली. डॉक्टर फिल्म बघून त्यात सही करतील, तोवर नळीतून काही द्यायचं नाही. पेटीतला दिवाही बदलला. खिडकीतून ओरडणं बंद झालं. नारळवाला काही दिवस मला बघून मान वर करायचा आणि मग खाली घालायचा. माझ्या सगळ्या पत्रकांनी जे झालं नाही ते या एका मेमोने झालं, आणि तो मी फ्रेम करून ठेवावा असं मला अधूनमधून वाटतं.

पण हिराबायला सांगायचं राहिलं होतं. सगळ्यांना लेखी दिलं, तिला तोंडी सांगायला मला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती पेजेचा डबा घेऊन आली, तेव्हा मी तिला गल्लीत थांबवलं.

"मावशी, त्या दिवशी पहिला फोटो चुकला. माझ्या हातून. मी बघितल्यासारखं करून बसली म्हटलं. त्यामुळे त्याला दोन तास पाणी कमी मिळालं."

तिने डबा नारळवाल्याच्या गाडीवर ठेवला. "मना दाखव."

मी दोन्ही फिल्म आणल्या. तिने एकेक करून उन्हात धरल्या, मासळी पारखावी तशी, तिरक्या करून. नळीवरून बोट नेलं. दुसऱ्या फिल्मवर बोट मानेतून कानापर्यंत चढलं.

"ही अशी गेलती."

"हो."

तिने पहिली पुन्हा वर धरली. वरच्या काठापाशी बोट थांबलं. "हिच्यान गला नाय. का?"

"तिथे तुमचा हात होता. ताईत धरलेला. ही किरणं वाईट असतात, मावशी. तुमच्या हातावर पडू नयेत म्हणून मी प्लेट खाली घेतली."

तिने फिल्म खाली केली आणि स्वतःचा उजवा हात समोर धरला. बर्फाने आणि खारट पाण्याने फुटलेला, काट्यांच्या पांढऱ्या खुणांनी भरलेला, अंगठ्याचं नख अर्धंच. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, जणू तो पहिल्यांदाच बघत होती.

"ह्यो हात?"

मी मान डोलावली.

"पोरासाटी ह्यो हात मी चुलीन घातला असता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. दोन्ही फिल्म तिने माझ्या हातात दिल्या आणि डबा उचलला. "मना एकदा इचाराचा तरी व्हता, बाय."

आणि ती जिना चढायला लागली.